चौकशी अहवाल वर्गात पोहोचू द्या

महोदय,

पूल पडला की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, ‘निलंबित कोण झाले?’ नेमका कोणता जोड सुटला आणि का, हे सहसा लोकांपर्यंत येतच नाही.

१७ जुलै १९८१ रोजी अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात टांगलेले दोन पादचारी पूल कोसळून ११४ जण मृत्युमुखी पडले. मूळ आराखड्यात छतापासून निघालेली सलग सळई वरचा आणि खालचा असे दोन्ही पूल पेलणार होती. बांधणीच्या सोयीसाठी तिच्या जागी दोन सळया आल्या. खालचा पूल वरच्या पुलाच्या तुळईलाच टांगला गेला आणि तिथल्या नटांवर दुप्पट भार आला. कागदावर हा बदल किती किरकोळ दिसतो! चौकशीचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध झाला, दोन अभियंत्यांचे परवाने गेले. त्यांतले एक पुढे परिषदांमध्ये उभे राहून स्वतःची चूक तरुण अभियंत्यांना समजावून सांगत. याला मोठे मन लागते.

महाडजवळचा सावित्रीवरील जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला. नवा पूल वर्षभरात उभा राहिला, त्याचे कौतुकच आहे. पण जुना का पडला, हे स्थापत्यच्या विद्यार्थ्यांना नकाशे आणि आकडेमोडीसह शिकवायला हवे. सार्वजनिक बांधकाम विभागाने अशा प्रत्येक दुर्घटनेचा तांत्रिक अहवाल मराठीत संकेतस्थळावर ठेवावा, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त स्थापत्य अभियंता, सांगली