पचिनोची झोप आणि आपला बापू

प्रिय विनू,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर गेलं नाही, तू खवळला असशील. शिव्या राखून ठेव, भेटल्यावर दे. इकडे ठीक. साखर आटोक्यात आहे, सुधाचा गुडघा कुरकुरतो.

लिहायला बसलो ते बापूमुळे. पण बापूवर येण्याआधी 'इन्सोम्निया' या सिनेमावर बोलणं भाग आहे, आणि तो विषय तुझ्याशिवाय कुणाकडे काढणार?

मूळचा, नॉर्वेचा, अखेर पाहिला. १९९७ चा, एरिक शोल्डबियर्गचा. त्याचा २००२ चा अमेरिकी रिमेक, नोलानचा, अल पचिनोवाला, आपण तुझ्या घरी पाहिला होता, वहिनी माहेरी गेल्या होत्या तेव्हा. दुसरी सीडी अडकली आणि बापूने ती शर्टाला पुसून पुन्हा घातली. त्या रात्री तू जाहीर केलंस की पचिनोने याहून चांगलं काम कधी केलेलं नाही. मी 'गॉडफादर' काढला, तर तू चहा टाकायला उठलास. वाद अंगाशी आला की चहा टाकायचा, ही तुझी जुनी खोड. कोर्टात काय करतोस रे?

आता ऐक. गोष्ट दोन्हीकडे तीच. उत्तरेकडचा रात्र न होणारा उन्हाळा, एका शाळकरी मुलीचा खून, बाहेरून बोलावलेला नावाजलेला पोलीस. धुक्यात संशयिताचा पाठलाग होतो आणि या पोलिसाच्याच गोळीने त्याचाच जोडीदार मरतो. तो हे दडपतो. खुन्याला ते ठाऊक असतं. झोप उडते ती उडतेच. नोलानने हे सगळं नॉर्वेतल्या त्रोम्सोहून उचलून अलास्कात नेलं.

पण दडपतो का, तिथे दोन्ही सिनेमांची वाट फुटते. पचिनोच्या डॉर्मरकडे कारण आहे. लॉस एंजेलिसमध्ये त्याची खात्याअंतर्गत चौकशी चालू आहे, जोडीदार तिथे तोंड उघडणार आहे, आणि जुन्या एका खटल्यात डॉर्मरने खोटा पुरावा पेरलेला आहे. म्हणून गोळी चुकून लागली की हातून मुद्दाम सुटली, हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. पचिनो हे फार मोठं करतो, माझं काही म्हणणं नाही. आवाज घोगरा, पापण्या जड, चालताना पाय ओढल्यासारखे. हॉटेलच्या खोलीत तो उजेड अडवायला खिडकीशी सामान रचतो आणि 'किती लख्ख उजेड आहे' म्हणतो. हॉटेल चालवणारी बाई म्हणते, इथे तर अंधार आहे, आणि दिवा लावते. त्या वेळचा त्याचा चेहरा बघ. तिथे तुझं बरोबर होतं, तेव्हाही होतं.

स्टेलान स्कार्सगार्डच्या एंगस्ट्रॉमकडे मात्र असलं काही नाही. हा स्वीडनचा. नॉर्वेचे पोलीस तेव्हा एरवी पिस्तूल बाळगत नसत, याच्याकडे ते आहे. गोळी सुटते, जोडीदार पडतो, मागून बाकीचे येतात आणि धरून चालतात की खुन्यानेच मारलं. हा ते खोडून काढत नाही. एवढंच! खोटं बोलायचीसुद्धा गरज पडली नाही, दुसऱ्यांनी ते तयार करून हातात दिलं. आणि स्कार्सगार्ड काय करतो? काहीच नाही. चेहरा धुतल्यासारखा कोरा ठेवतो. त्या कोऱ्या चेहऱ्याने मला जास्त घाबरवलं.

अमेरिकेत जाताना काय काय धुऊन काढलंय तेही सांगतो. पुराव्यातली गोळी बदलायला दोघांनाही कुत्रा लागतो. पचिनो गल्लीत मरून पडलेल्या कुत्र्यात गोळी झाडतो, स्कार्सगार्ड जिवंत कुत्रा मारतो. मेलेल्या मुलीच्या मैत्रिणीला दोघेही गाडीतून नेतात. पचिनो समोरून येणाऱ्या ट्रकच्या वाटेत गाडी घालून तिला घाबरवतो. स्कार्सगार्डचा हात तिच्या मांडीवर जातो. म्हणजे पचिनोचा माणूस थकलेला, पण मुळात आपला. दुसऱ्याला आपला म्हणायची सोय शोल्डबियर्गने ठेवलेलीच नाही.

आणि शेवट. पचिनोला गोळी लागते. तिथली तरुण पोलीस, हिलरी स्वँक, त्याच्याविरुद्धचं काडतूस फेकून द्यायला निघते, तो तिला अडवतो, वाट चुकू नकोस म्हणतो, मग 'झोपू दे मला'. मरतो. त्या रात्री आपण तिघेही गप्प झालो होतो. नॉर्वेत तपासातली पोलीस हिल्डे हागेन ते रिकामं काडतूस आणून त्याच्यापुढे टेबलावर ठेवते आणि निघून जाते. अटक नाही, कबुली नाही. तो गाडी घेऊन निघतो आणि शेवटी अंधारात नुसते डोळे उरतात, टक्क उघडे.

विनू, मला ते डोळे बापूचे वाटले.

बापूची एकसष्टी आहे. मंडळाने सत्कार ठेवलाय आणि त्याच्याबद्दल मी बोलायचं असं ठरलंय. जुने फोटो, काही कागद मिळतात का बघायला मी आपल्या नाटकाच्या सेटवाल्याच्या मुलाकडे गेलो. म्हातारा गेला, पण पावत्यांचा गठ्ठा मुलाने ठेवलाय. त्यात एक पावती, स्पर्धेच्या वर्षाची. आगाऊ दिलेली रक्कम परत मिळाली. खाली बापूची सही. ते लांब शेपटीचं 'ब' मी झोपेतही ओळखीन.

सेटवाला तेव्हा काय म्हणाला होता, आठव. 'पैसे परत दिले.' कुणाला दिले हे कुणी विचारलं? पैसे आणायला शंकर गेला होता, म्हणून शंकरने खाल्ले असं सगळ्यांनी धरलं. तू एकटा ओरडत होतास, शंकर नाही, शंकर नाही. बापूला काही सांगावंच लागलं नाही. कोपऱ्यात विडी ओढत उभा होता, मला स्वच्छ दिसतोय.

सुधा म्हणते, त्याला आधी भेट, कागद दाखव, तो कबूल करेल, व्यासपीठावरून स्वतःच सांगेल. हा झाला नोलान. मलाही असं झालेलं फार आवडेल. पण बापूला इतकी वर्षं झोप लागत नसेल, असं कशावरून? परवा फोनवर शालीचा रंग विचारत होता.

मी मंडळाला कळवलंय की मी बोलणार नाही. कारण दिलेलं नाही. पावती माझ्याकडे आहे. ती टेबलावर ठेवून निघून यायचं, हे पडद्यावर शोभतं. पण इथे शंकर आहे, आणि त्या सिनेमात शंकर नाही. पावती आधी त्याने बघायला हवी. पुढे काय करायचं ते त्याने ठरवावं. बापूला मी त्यानंतरच भेटेन.

मनूला नोकरी लागली हे वाचून फार आनंद झाला, तिला पेढे माझ्याकडून. तुझ्या वरच्या मजल्याचं बांधकाम संपलं का? वहिनींना नमस्कार.

शंकरचा मेहुणा नाशकात, तुमच्या कोर्टासमोर झेरॉक्सचं दुकान चालवायचा, तूच म्हणाला होतास. त्याच्याकडून शंकरचा नंबर काढ आणि मला लगेच फोन कर. रात्री कितीही वाजता कर.

तुझा,
श्री