पेट्राच्या भिंतीतले लाकूड

संपादक महोदय,

रविवार पुरवणीतला जॉर्डनमधल्या पेट्रा या प्राचीन शहरावरचा लेख आवडला. फोटो मात्र नेहमीचेच, कड्यात कोरलेली 'खजिना' नावाची वास्तू आणि पुढे उंट. त्यातून ते शहर उभारणाऱ्या नबातियन लोकांनी नुसते कोरलेच, बांधले काही नाही, असा समज होतो. त्याच शहरात कसर अल-बिंत हे बांधीव देऊळ आहे, बहुधा दुशरा या त्यांच्या मुख्य देवाचे. (तिथले भटके बदू लोक त्याला 'फेरोच्या, म्हणजे इजिप्तच्या प्राचीन राजाच्या, मुलीचा महाल' म्हणतात; फेरोचा काडीचाही संबंध नाही.) दोन हजार वर्षांनंतरही त्याच्या भिंती सुमारे २३ मीटर उंच उभ्या आहेत.

पुरातत्त्वज्ञांनी या भिंतींचा केलेला अभ्यास आम्हा बांधकामवाल्यांना फार रंजक वाटतो. दोन्ही अंगांना घडीव दगड, मध्ये भर, आणि दगडांच्या थरांमधून जाणाऱ्या आडव्या लाकडी पट्ट्या. कोरड्या हवेमुळे काही लाकूड अजून जागेवर आहे. दगड कधी रचला हे दगड सांगत नाही. लाकडाची मात्र वय सांगणारी कार्बन-१४ चाचणी करता येते. अर्थात तीही झाडाचा काळ सांगते, गवंडीकामाचा नव्हे. जुनी तुळई पुन्हा वापरली असेल तर हिशेब चुकतो.

इ.स. ३६३च्या भूकंपाने पेट्राची मोठी पडझड झाली, तरी या भिंती राहिल्या. लाकडाने धक्के पचवले, असे काही अभ्यासक मानतात आणि ते पटण्याजोगे आहे. पण 'प्राचीनांचे भूकंपरोधक तंत्र' असे मेसेज फिरू लागण्याआधी थोडे थांबावे. लाकडी पट्टी थर पाणसळीत आणायलाही कामी येते. भिंत टिकली म्हणून गवंड्याच्या मनात भूकंपच होता, असे ठरत नाही. त्यासाठी त्याच काळातल्या पडलेल्या भिंतीही तितक्याच बारकाईने तपासायला हव्यात.

पडलेल्या भिंती आम्ही लातूरकरांनी पाहिल्या आहेत. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसरात भल्या जाड दगडी भिंती कोसळल्या. आतला आणि बाहेरचा थर वेगवेगळा, मध्ये माती-गोटे, दोन्हींना धरून ठेवणारा आरपार दगड जवळपास कुठेच नाही, आणि डोक्यावर माळवदाचे ओझे. हादऱ्यासरशी दोन्ही थर सुटे झाले.

पेट्रावर पुन्हा काही छापाल तेव्हा कसर अल-बिंतच्या भिंतीचा एक फोटो जवळून घेतलेला द्यावा, लाकडाच्या खाचा स्पष्ट दिसतील असा. उंटाचा एक कमी केला तरी चालेल.

– एक निवृत्त स्थापत्य अभियंता, लातूर