सर, त्या सकाळी तुम्ही आमच्या घरी आलात

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

तुम्ही संस्थेच्या अध्यक्षपदावरून निवृत्त झालात आणि सत्काराला साफ नाही म्हणालात, असं कळलं. हारतुरे तुम्हाला कधीच आवडले नाहीत, म्हणून या पत्रातही तुमचं नाव घालत नाही. आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत. तीस वर्षं ते मनातच राहिले.

1996 साली मी बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. घर सोलापूरच्या पूर्व भागात. वडिलांची गिरणी बंद पडलेली आणि आईच्या विड्यांवर चूल पेटायची. मजुरी हजार विड्यांवर. आदल्या दिवशी वळलेल्या विड्या सकाळी कारखान्यात द्यायच्या आणि नवी पानं, तंबाखू घेऊन यायचं. आईचे गुडघे धरले तेव्हापासून ही फेरी माझ्याकडे आली. रांगेत नंबर लागून, छाट म्हणजे खराब विड्या बाजूला निघून, हिशोब होईपर्यंत कॉलेजचे पहिले दोन तास गेलेले असायचे. एक दिवस फलकावर यादी लागली: हजेरी 75 टक्क्यांपेक्षा कमी, टर्म ग्रँट होणार नाही, म्हणजे परीक्षेला बसता येणार नाही. माझं नाव तिसरं होतं.

घरी मी काही बोलले नाही. आई म्हणाली असती, बरं झालं, आता सूप घेऊन माझ्याशेजारी बस. तिचा दोष नव्हता. आमच्या गल्लीत मुलींचं शिक्षण तिथेच थांबायचं.

तुम्ही तेव्हा आमचे प्राचार्य. केबिनमध्ये बोलावलंत. रागावाल असं वाटलं होतं. तुम्ही एवढंच विचारलंत, "सकाळी काय काम असतं तुला?" मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी साडेसातला तुम्ही आमच्या दारात. घरात खुर्ची नव्हती, तर तुम्ही आईसमोर जमिनीवर मांडी घातलीत. पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने पान कसं कापायचं, तंबाखू किती घालायची, दोरा कसा गुंडाळायचा, तोंड कसं मुडपायचं, हे सगळं बराच वेळ बघत राहिलात. मग मोडक्यातोडक्या तेलुगूत म्हणालात, "अम्मा, पिल्ला बागा चदुवुतुंदी." मुलगी छान शिकतेय. आईने त्या दिवसापर्यंत माझ्या अभ्यासाबद्दल कुणाकडून काही ऐकलंच नव्हतं. तिने कात्री खाली ठेवली.

हजेरी तुम्ही माफ केली नाहीत, आणि त्याबद्दल मी सगळ्यात जास्त ऋणी आहे. "बुडाले तेवढे तास भरून काढायचे," म्हणालात. तुकडी बदलून दुपारची दिलीत आणि राहिलेली प्रात्यक्षिकं शनिवारी स्वतः उभं राहून करून घेतलीत. ब्युरेटच्या काचेच्या नळीतून थेंब थेंब सोडताना माझा हात थरथरायचा, थेंब जास्त पडून रंग एकदम गडद गुलाबी व्हायचा. तुम्ही म्हणालात, "हजार विड्या एका जाडीच्या वळतात हे हात. एका थेंबावर थांबायला यांना काय अवघड?" फिक्कट गुलाबी छटा टिकली तो शनिवार मला अजून दिसतो. तोपर्यंत विडीचे हात मी कॉलेजात लपवत असे.

माझ्यासारख्या इतर मुलींसाठीही तुम्ही दुपारची तुकडी उघडी ठेवलीत. विडी कामगारांच्या मुलांना कल्याण निधीतून शिष्यवृत्ती मिळते. तो निधी 1976च्या कायद्याने उभा राहिला, पण आमच्या आयांना हे कोण सांगणार? आईचं विडी कामगाराचं कार्ड, दाखले, सह्या, यात अर्ज अडकून पडायचे. तुम्ही ऑफिसातला एक क्लार्क त्या कामाला बसवलात आणि त्याला बजावलंत की अर्ज परत पाठवायचा नाही, अपुरा असेल तर तिथेच पुरा करायचा. पुस्तक पेढीतली पुस्तकं परीक्षा संपेपर्यंत घरी ठेवायची मुभा दिलीत. बावीस वर्षं प्राचार्य आणि पुढे अध्यक्ष असताना तुम्ही इमारतीही बांधल्यात, पण मला आधी आठवते ती त्या क्लार्कची अर्जांची खिडकी.

तेव्हा आपलं विद्यापीठ कोल्हापूरला होतं. कुणाच्या गुणपत्रिकेत चूक निघाली की तुम्ही फाइल घेऊन पहाटेची एसटी पकडायचात. 1 ऑगस्ट 2004 रोजी सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं, एकाच जिल्ह्यापुरतं, तेव्हा तुम्हाला काय वाटलं असेल याचा मी बऱ्याचदा विचार केला. माझ्या पदवीवर शिवाजी विद्यापीठ लिहिलंय, माझ्या मुलीच्या पदवीवर पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. दोन्ही भिंतीवर शेजारी शेजारी लावल्यात.

मी आता कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. गैरहजर मुलीचं नाव पुकारलं की तुमचा प्रश्न आपोआप तोंडात येतो.

आई आता सोलापूरजवळ कुंभारीला राहते. 2006 साली विडी कामगार बायकांना तिथे जी दहा हजार घरं मिळाली, त्यातलं एक तिचं. विड्या सुटल्या. नजर कमी झालीय, पण तुमचा विषय निघाला की "सारू" म्हणते आणि मांडी घालून बसलेला तो माणूस पुन्हा सांगायला लागते. तुम्हाला एकदा घरी बोलवायचंय, हा तिचा निरोप. तुमच्यासाठी तिने हात असलेली खुर्ची घेऊन ठेवलीय, त्यावर ती कुणाला बसू देत नाही. तुम्हाला जमेल तो दिवस कळवा, मी गाडी घेऊन येते.

तुमची विद्यार्थिनी