रंगात उरलेला निसर्ग

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. अमूर्त चित्रकारांनी निसर्गचित्र मोडीत काढले आणि मग कॅनव्हासवर नुसता रंग उरला, हे तुझे म्हणणे अजून मनात घोळते आहे. तू स्वतः जलरंगात निसर्ग रंगवतोस, त्यामुळे हा आक्षेप वरवरचा नाही हे मी जाणतो. तरीही तो मला मान्य नाही. या चित्रकारांनी झाडाचा, डोंगराचा, नदीचा आकार सोडला हे खरे. पण निसर्गासमोर उभे असताना आपल्या डोळ्यांना आणि अंगाला जे जाणवते ते त्यांनी रंगाच्या हवाली केले, आणि प्रत्येकाने ते आपापल्या रीतीने केले.

सय्यद हैदर रझा यांचेच बघ. 1922 साली मध्य प्रदेशातल्या बाबरिया या खेड्यात जन्म, वडील वनखात्यात, बालपण नर्मदेच्या खोऱ्यातल्या जंगलांत. शिक्षण नागपूरच्या चित्रशाळेत आणि पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत. 1950 साली ते पॅरिसला गेले आणि फ्रेंच खेड्यांतली घरे, छपरे, चर्चचे मनोरे जाड रंगात रंगवू लागले. 1962 साली अमेरिकेत बर्कलीला शिकवायला गेले असताना मार्क रॉथको या अमेरिकन अमूर्त चित्रकाराच्या चित्रांनी त्यांच्यावर खोल परिणाम केला, आणि आधीच सैल होऊ लागलेल्या घरांच्या कडा हळूहळू विरघळून गेल्या. सत्तरच्या दशकातल्या ‘ला तेर’ (म्हणजे पृथ्वी) या नावाच्या चित्रांत काळ्या आणि गडद तपकिरी पृष्ठभागातून लाल, केशरी, पिवळे फटकारे उसळून वर येतात. तिथे एकही झाड ओळखू येत नाही, पण लहानपणी अनुभवलेले रात्रीचे जंगल, त्याची भीती आणि उजाडल्यावरचा दिलासा, हे सारे त्या काळ्याच्या आणि पिवळ्याच्या प्रमाणात आहे. रझांनी पुढे वारंवार रंगवलेल्या बिंदूची, म्हणजे गडद वर्तुळाची, कीर्ती मोठी आहे, तरी त्या काटेकोर भौमितिक चित्रांपेक्षा मला ही चित्रे कितीतरी जवळची वाटतात. बिंदूच्या चित्रांत प्रत्येक रंगाला त्याची चौकट नेमून दिलेली असते. इथे रंग अजून एकमेकांशी झुंजत आहेत.

वासुदेव गायतोंडे यांच्याविषयी लिहिताना मात्र जपून लिहावे लागते, कारण आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हटलेलेही त्यांना रुचत नसे. ती ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’, म्हणजे कोणत्याही वस्तूवरून न काढलेली, आहेत, असा त्यांचा आग्रह होता. त्यामुळे त्यांची चित्रे म्हणजे समुद्र किंवा धुके आहे, असे मी म्हणणार नाही. 1924 साली नागपुरात जन्मलेला, मूळचा गोव्याचा आणि गिरगावात वाढलेला हा माणूस साठच्या दशकात आडवे कॅनव्हास रंगवत होता, आणि त्यांतले आडवे पट्टे पाहताना नजर आपोआप क्षितिज शोधू लागते. 1964 साली रॉकफेलर फंडाच्या पाठ्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. साठचे दशक संपता संपता त्यांनी कॅनव्हास उभा केला, आणि माझ्या दृष्टीने त्यांच्या कलेतला हा फार महत्त्वाचा निर्णय आहे. आडवा कॅनव्हास क्षितिज मागतो. उभ्या कॅनव्हाससमोर प्रेक्षकाची नजर डावी-उजवीकडे न फिरता आत उतरते. ते रंग रोलरने पसरत, पॅलेट नाइफने (रंग कालवायच्या बोथट सुरीने) खरवडत, कापलेल्या कागदांचे तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलत. त्यामुळे खालचा थर वरच्या थरातून उजळत राही. पिवळा किंवा करडा असा एकच रंग, पण त्यात उजेड नेमका कुठून येतो हे सांगता येत नाही. सकाळच्या धूसर हवेत अंतराचा अंदाज चुकतो, तसा अनुभव त्या चित्रासमोर येतो. हे निसर्गाचे वर्णन नव्हे. तरीही निसर्ग पाहण्याची सवय असलेल्या तुझ्यासारख्या डोळ्याला ते सर्वांत आधी कळेल, अशी माझी खात्री आहे.

अकबर पदमसी यांनी तर आधी रंगच सोडून पाहिला. 1960 सालचे त्यांचे ‘ग्रीक लँडस्केप’ हे बारा फुटांच्या आसपास रुंद असलेले चित्र केवळ करड्या छटांत आहे, आणि तरी त्यात वस्ती, उतार, ऊन सगळे उभे राहते. त्यानंतर दहा वर्षांनी त्यांनी ‘मेटास्केप’ या चित्रमालिकेला सुरुवात केली. त्यांत पेटलेले लाल, नारिंगी, निळे प्रदेश आहेत आणि कित्येकदा आकाशात सूर्य-चंद्र एकत्र आहेत. याचे मूळ त्यांनी ‘शाकुंतला’च्या नांदीत दाखवले होते, जिथे कालिदास सूर्य-चंद्रांना काळाचे नियंते म्हणतो. म्हणजे ते ऊन कोणत्याही एका दिवसाचे नाही. तू दुपारी चारचे ऊन पकडण्यासाठी धडपडतोस. पदमसींनी घड्याळच चित्राबाहेर ठेवले.

राम कुमार यांचे बनारस तुला ठाऊकच आहे; 1960 च्या सुमारास तो घाट पाहिल्यावर त्यांच्या चित्रांतली माणसे गेली आणि घरांच्या राखाडी, मातकट लाद्या उरल्या. त्यावर वेगळे पत्र लिहीन.

परदेशातले उदाहरण तू मागितले होतेस, म्हणून बैरूतमध्ये जन्मलेल्या चित्रकार एटेल अदनान यांचे नाव सुचवतो. कॅलिफोर्नियात सॉसालिटोला राहत असताना समोर दिसणारा तामाल्पाइस हा एकच डोंगर त्यांनी अनेक वर्षे रंगवला. लहानसा कॅनव्हास टेबलावर आडवा ठेवून, ट्यूबमधला रंग पॅलेट नाइफने सपाट लावून, बहुधा एकाच बैठकीत चित्र पुरे करण्याची त्यांची पद्धत होती. गुलाबी आकाश, हिरवा किंवा जांभळा त्रिकोण, बाजूला लाल चौकोन, एवढेच. गायतोंडे रंगाचे थर मुरवतात. अदनान रंग ठेवतात आणि हात काढून घेतात. 2012 साली जर्मनीतल्या कासेलच्या ‘डॉक्युमेंटा’ या समकालीन कलेच्या मोठ्या प्रदर्शनात ही चित्रे जगापुढे ठळकपणे आली, तेव्हा त्या सत्तऐंशी वर्षांच्या होत्या. इतका उशीर का व्हावा, याची मला आजही चुटपुट लागते.

मुंबईला येशील तेव्हा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या जहांगीर निकल्सन दालनात अवश्य जा. त्या संग्रहात रझा, गायतोंडे आणि पदमसी या तिघांचेही काम आहे; दालनात सध्या काय मांडले आहे ते मात्र आधी चौकशी करून घे, कारण प्रदर्शने बदलत असतात. गायतोंडे पाहायला मिळाले तर प्रथम दुरून पाहा, मग जवळ जाऊन थरांच्या कडा तपास, आणि खालचा रंग कुठे उघडा ठेवला आहे ते शोध. जलरंगात कागदाचा पांढरा राखून तू उजेड आणतोस. तैलरंगात त्यांनी तोच उजेड खरवडून आणि उचलून कसा मिळवला असेल, याचा तुझा कयास मला सविस्तर कळव.

तुझा मित्र