दर महिन्याला परस्पर जाणारे पैसे

तीर्थरूप बाबा आणि प्रिय आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

पुण्याला नीट पोहोचले. बाबा, त्या रात्री तुम्ही पिन टाकत गेलात आणि मी एकेक ऑटोपे, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी, बंद करत गेले, तेव्हा तुम्ही काहीच बोलला नाहीत. सकाळी स्टेशनवरही गप्पच होतात. फोनवर हा विषय निघाला की तुम्ही जेवणाचं विचारून टाळता, म्हणून लिहिते आहे. जे बंद केलं ते पुन्हा सुरू करायचं नाही, एवढं मात्र ठरलं आहे.

तुम्हाला पैशाचं कळत नाही असं माझ्या मनातसुद्धा नाही. हिशेब मी तुमच्याकडूनच शिकले. नागपूरच्या महाल भागातल्या घरी कॅलेंडरवर दुधाचे खाडे मी मांडायचे. एक तारखेला दूधवाला, पेपरवाला, केबलवाला दारात आला की डायरीतला आकडा ताडून पाहिल्याशिवाय तुम्ही पैसे देत नव्हता. आणि मी खाड्याच्या जागी गाय काढली, तरी ती खोडली नाही तुम्ही कधी! आता दारात कोणी येतच नाही. पैसे परस्पर जातात आणि समोर माणूस नसला की नाही म्हणायची वेळच येत नाही.

पासबुकावरून मी मांडलं ते पाहा. सिनेमा-मालिकांचं ॲप २९९, ई-पेपर १४९, फोटो साठवायची ऑनलाइन जागा १३०, गाण्यांचं ॲप ११९, पंचांगाचं ९९. महिन्याचे ७९६, वर्षाचे ९,५५२. वर योगाच्या ॲपचे वर्षाला १,४९९. म्हणजे ११,०५१ रुपये. योगाचं ॲप तर तुम्ही केव्हाच फोनमधून काढून टाकलं होतं. पण ॲप काढलं तरी पैसे थांबत नाहीत, वर्गणी वेगळी रद्द करावी लागते. ‘पहिला महिना फुकट’ म्हणून आत घ्यायचं आणि बाहेरची वाट दडवायची, हे भल्याभल्यांच्या बाबतीत होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने ज्या फसव्या युक्त्यांना मनाई केली, त्यात हीसुद्धा आहे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

आकडा मोठा नाही, मला माहीत आहे. पण बीपीच्या गोळ्या तुम्ही एक दिवसाआड घेत आहात. आईवर रागावू नका, तिने चुगली केलेली नाही. पाकिटात उरलेल्या गोळ्या मीच मोजल्या. टूडी इको ही हृदयाची तपासणीसुद्धा ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून दिवाळीपासून लांबली आहे. पंचांगाचे पैसे वेळेवर जातात आणि तुमच्या छातीची तपासणी थांबते, हे मला सहन होत नाही बाबा.

आई, तुझ्या मालिका कुठेही जात नाहीत. डिश तशीच आहे. ते सिनेमाचं ॲप आपल्या इंटरनेटच्या पॅकमध्ये आधीच मिळत होतं, आपण दोनदा पैसे भरत होतो. रिमोटचं बटण तेच. सकाळचा पेपरही चहाबरोबर येईलच, फक्त फोनवरचा बंद केला. आजीचे, जुन्या घराचे, सगळे फोटो पेन ड्राइव्हमध्ये उतरवले आहेत आणि त्यांची एक प्रत माझ्याकडे आहे. सकाळच्या शुभेच्छांचे व्हिडिओ पुसल्यावर बाकीचं फुकटच्या १५ जीबीत बसलं.

मेडिक्लेमचा ऑटोपे मी मुद्दाम ठेवला आहे. त्याला कोणीही हात लावायचा नाही. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी कळवायचं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मेसेज जाहिरात समजून पुसू नका. तारीख कॅलेंडरवर लिहा, दुधाच्या खाड्यासारखी. विम्याच्या हप्त्याला एक लाख रुपयांपर्यंत दर वेळी ओटीपी किंवा पिन विचारला जात नाही, त्यामुळे तो मेसेज हीच आपली खबर. नवीन काही घ्यावंसं वाटलं तर खुशाल घ्या, पण आधी रविवारी मला सांगा. रद्द करण्यासाठी गूगलवर नंबर शोधून फोन करायचा नाही. कोणी स्क्रीन दाखवा म्हणालं तर फोन ठेवायचा. पैसे गेलेच तर लगेच १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर, लावा, आणि मग मला. पिन मात्र मलाही सांगू नका.

गुरुवारी अकराला धंतोलीत डॉक्टरांची वेळ घेतली आहे, पैसे भरले आहेत. ‘काहून एवढी घाई करून राहिली’ असं म्हणायचं नाही. उन्हात स्कूटर नको, ऑटोनेच जा. आई, जुने रिपोर्ट कपाटातल्या निळ्या फाइलमध्ये आहेत, ते घे. आणि एप्रिल लागायच्या आत कूलरच्या ताट्या बदलून घ्या, गेल्या वर्षीच्या पार वाळून गेल्या आहेत. गोळी रोज, नाश्ता झाल्यावर.

तुमची,
मनू