बॅग विकत घेण्याआधी

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तू बंगळूरहून पाठवलेला बॅगांचा फोटो पाहिला. दोन मोठ्या, कडक कवचाच्या, चार चाकांच्या. छान आहेत, पण पैसे भरण्याआधी माझं ऐक. तिकिटावर २३ किलोच्या दोन बॅगा चालतात म्हणून दोन न्यायलाच हव्यात असं नाही. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरल्यावर त्या ओढायला तू एकटी असशील.

टॅक्सी नकोच. भुयारी रेल्वेची पिकॅडिली लाइन विमानतळाच्या पोटातूनच सुटते आणि गाडी न बदलता तुला टर्नपाइक लेन स्टेशनला सोडते. कॉकफॉस्टर्सकडे जाणारी गाडी पकडायची, सव्वा तास धर. हीथ्रोला लिफ्ट आहे, त्यामुळे तिथे ओझं जाणवतच नाही. जाणवतं ते उतरल्यावर. टर्नपाइक लेनला आधी सरकता जिना आणि मग रस्त्यावर यायला साध्या पायऱ्या. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या २७२ स्टेशनांपैकी साधारण तिसऱ्या हिश्श्यातच पायऱ्या न चढता बाहेर पडता येतं. नकाशात त्यांच्या नावाजवळ व्हीलचेअरचं चिन्ह असतं, ते बघायची सवय लाव.

आम्ही मावशीकडे गेलो होतो तेव्हा अशाच एका जिन्यावर अडकलो. संध्याकाळचे सहा वाजलेले, मागे माणसं खोळंबलेली, आणि मी दोन्ही हातांनी बॅग धरून एकेक पायरी चढतेय. दुसरी बॅग टाकून येता येईना म्हणून बाबा खालीच उभे. शेवटी एका अनोळखी मुलीने काही न विचारता माझ्या बॅगेची खालची बाजू उचलली. दोघं असून आमची ही गत झाली. तू एकटी दोन बॅगा घेऊन गेलीस, तर एक खाली बेवारस ठेवूनच दुसरी वर न्यावी लागेल. ते मला नको आहे.

म्हणून एकच बॅग घे, मध्यम आकाराची, आणि पाठीवर सॅक. चाकं दोनच, पण मोठी. चार चाकांची बॅग गाडीने ब्रेक मारला की आपली आपण डब्यात चालायला लागते, सव्वा तास तिला गुडघ्याने दाबून बसावं लागतं. बाजूलाही मूठ हवी, जिन्यावर तीच कामाला येते. आणि दुकानात रिकामी बॅग आधी उचलून बघ, काही मोठ्या बॅगा रिकाम्याच चार-पाच किलोच्या असतात.

काल मी माळ्यावरची निळी बॅग काढली. तीत १० किलो तांदूळ आणि ५ किलो कणीक भरली आणि एका हाताने दुसऱ्या मजल्यापर्यंत चढून आले. जमलं. मग आणखी ५ किलो साखर टाकली, तर पहिल्या वळणावरच तळहाताला वळ उठला. तू तरुण आहेस, तरी १८ किलोच्या वर जाऊ नकोस.

खाण्याचं म्हणशील तर गोडा मसाला आणि मेतकूट दे म्हण, देईन. तूप आणि पेढे नाही, आपल्याकडून दुधाचे पदार्थ तिथे नेऊ देत नाहीत. तांदूळ, डाळी, पोहे सगळं तिथे मिळतं, त्यासाठी वजन वाया घालवायचं नाही.

शनिवारी नाशिकला येशील तेव्हा निळी बॅग भरूनच ठेवते. आधी तिला घेऊन आपला जिना चढ, मग नवी कोणती घ्यायची ते दोघी मिळून ठरवू.

तुझी,
आई