दोष चिपचा की डबीचा?

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "चिप तयार होऊन येते, गार करायला यंत्र आहे, मग तू दिवसभर करतेस काय?" प्रश्न रास्त आहे, पण उत्तर फोनवर आटोपण्यासारखं नव्हतं.

आमच्या चिपवरच्या वीज वाहणाऱ्या वाहिन्या निओबियम या धातूच्या. ९.२ केल्विनच्या खाली त्यांचा विजेला होणारा रोध नाहीसा होतो. आम्ही तपासतो ४.२ केल्विनला, म्हणजे उणे २६९ अंशांना, द्रव हेलियममध्ये. तेवढं गार करणं आता नवं नाही. कामरलिंग ओन्नेस यांनी १९०८ सालीच लायडनला हेलियम द्रवरूप केला होता. घोडं अडतं ते तारांपाशी. मोजणारी उपकरणं खोलीच्या तापमानाला आणि चिप खाली हेलियमात. जाडजूड तांब्याची तार टाकली तर संदेश चांगला येतो, पण तिच्यावाटे उष्णताही आत उतरते. एक वॅट जरी आत शिरला तरी तासाला साधारण १.४ लिटर हेलियम उडून जातो! म्हणून काही ठिकाणी फॉस्फर ब्राँझच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारा. उष्णता अडते, संदेश थोडा मार खातो. तुम्ही मल्टिमीटरच्या दोन पिनांनी रोध बघता ना, तसं इथे चालत नाही, कारण तारेचाच रोध दिसतो. दोन तारांनी प्रवाह द्यायचा आणि वेगळ्या दोन तारांनी व्होल्टेज मोजायचं.

चिप जिच्यात बसवतात त्या डबीचं प्रकरण तर त्याहून किचकट. गार होताना डबीचं तांबं मीटरमागे तीनेक मिलिमीटर आकसतं, चिपचं सिलिकॉन जेमतेम. कडक सांधा असेल तर तडकतो. त्यामुळे जोडाला इंडियमचे ठिपके वापरतात. नखाने ओरखडा उठेल इतका मऊ धातू, आणि एवढ्या थंडीतही तो ठिसूळ होत नाही.

आणि निकेल! डबीवरच्या सोन्याच्या मुलाम्याखाली सर्रास निकेलचा थर असतो, तो चुंबकीय. गार होताना आसपासचं चुंबकीय क्षेत्र निओबियमच्या थरात अडकून बसतं आणि मग आराखडा बिनचूक असूनही सर्किट भलतंच वागतं. पृथ्वीचं क्षेत्रसुद्धा पुरतं, म्हणून चिपभोवती म्यू-मेटलचं, म्हणजे चुंबकीय क्षेत्र बाहेर ठेवणाऱ्या मिश्रधातूचं, कवच. तरी अडकलंच तर चिप ९.२ च्या वर तापवायची, परत सावकाश गार करायची. तीच चिप, त्याच तारा, सकाळी नापास आणि दुपारी पास, असं खरंच होतं. दोनदा गार करून तेच आकडे आल्याशिवाय माझा तरी विश्वास बसत नाही. चिपवर शेरा मारण्याआधी डबी निर्दोष आहे ना हे बघायचं, हेच माझं काम. चिप बनवणाऱ्यांचं कौतुक होतं, डबीवाल्यांना कोणी विचारत नाही, ते असो.

आईला सांगा, काळजी करू नकोस. हेलियमचा वायू झाला की तो सातशेपट जागा घेतो आणि खोलीतला प्राणवायू हटवतो, हे खरं. पण भिंतीवर प्राणवायू मोजणारं यंत्र आहे, आणि ते वाजलं की आधी बाहेर पडायचं, हा नियम सगळे पाळतात.

काकूंना नमस्कार. अजून काही शंका असतील तर लिहून ठेवा, रविवारी फोन करते.

तुमची,
मनू